३६० दिवसांनंतरचं वाक्य

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत आहोत. मुलगा १६ वर्षांचा, अकरावीत आहे. नऊ वर्षांचा असल्यापासून बेसबॉल खेळतो. ऑफिस सुटलं की मी त्याला रोज बॅटिंग केजवर (सरावाच्या जाळीत) नेतो, वर्षातले जेमतेम दहा-बारा दिवस चुकत असतील. जपानचा नामवंत बेसबॉलपटू इचिरो सुझुकी, त्याच्या वडिलांनी हेच केलं होतं. यंदा शाळेच्या कोचने त्याला शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली जागा) काढून राइट फील्डला, म्हणजे लांब उजवीकडच्या आउटफिल्डला टाकलं. आमची सात वर्षांची मेहनत पाण्यात गेली. गणितात 'बी' आला आहे, हल्ली गाडीत बोलत नाही, आणि आता म्हणतो की या उन्हाळ्यात स्पर्धा नकोत, आजीकडे साताऱ्याला जायचंय. व्यावसायिक आउटफिल्डर म्हणून त्याला भवितव्य आहे का? कोच बदलावा का?
– एक वडील

उत्तर : तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, जागेअभावी वर आटोपतं घेतलं आहे. त्यात 'आम्ही' हा शब्द फार वेळा आला. आमचा फॉर्म गेला, आम्हाला शॉर्टस्टॉपवरून काढलं. मैदानात एकच जण उभा असतो हो. आणि 'हल्ली गाडीत बोलत नाही' हे तुम्ही गणिताच्या 'बी'ला चिकटवून, एका स्वल्पविरामात उरकलंत. मी तिथेच अडकले.

आदर्श तुम्ही निवडलाय, तेव्हा इचिरोपासूनच सुरुवात करू. सहावीत असताना त्याने आपल्या स्वप्नावर एक निबंध लिहिला होता. जपानमध्ये तो निबंध आजही सांगितला जातो. तिसरीपासून वर्षातले ३६० दिवस मी कसून सराव करतो, असं त्यात आहे. तुम्ही तेवढं उचललंत. त्याला लागूनच पुढचं वाक्य आहे : त्यामुळे मित्रांबरोबर खेळायला आठवड्यातून पाच-सहा तास मिळतात. एवढ्याशा पोराने ते तास मोजून ठेवले होते! मोठेपणी त्याने सांगितलं की तो सराव जवळजवळ छळच होता, पण वडिलांना नाही म्हणता येत नव्हतं. पुढे बाप-लेकात दुरावा आल्याचंही छापून आलं. तुम्ही ही सगळी गोष्ट वडिलांच्या खुर्चीत बसून वाचलीत. एकदा मुलाच्या जागेवरून वाचा.

अजून एक. त्या निबंधात त्याला हव्या असलेल्या संघांची नावं होती, चुनिची आणि सेइबू. प्रत्यक्षात १९९१ मध्ये व्यावसायिक संघांनी खेळाडू निवडले तेव्हा त्याला घेतलं ओरिक्स या तिसऱ्याच संघाने, तेही चौथ्या फेरीत. पहिली दोन वर्षं बराचसा काळ दुय्यम संघात गेली, कारण तिथल्या व्यवस्थापकाला त्याची बॅट फिरवण्याची पद्धत पसंत नव्हती. १९९४ मध्ये अकिरा ओगी हे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी त्याच्या बॅटिंगला हात लावला नाही, रोज खेळवलं फक्त. त्या मोसमात १३० सामन्यांत २१० हिट्स (बेस गाठून देणारे फटके)! वडिलांनी घडवलं, हे खरंच. पण 'याला याच्या पद्धतीने खेळू दे' म्हणणारा माणूस भेटला नसता, तर तुम्हाला इचिरो हे नाव कळलं नसतं. सात वर्षांत तुमच्या मुलाला असा माणूस कोण भेटला, हे मला पत्रात शोधून सापडलं नाही.

आणि ज्या बापांनी असेच ३६० दिवस घातले पण मुलगा इचिरो झाला नाही, त्यांच्यावर कोण लिहितं? ती मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. बॅडमिंटनची असतात, बुद्धिबळाची असतात, कोट्याहून परतलेली असतात. खेळ आवडतो का विचारलं की आधी आई-बाबांकडे बघतात.

आता राइट फील्ड. इथे तुमचा मोठा गैरसमज झालाय आणि तो आपल्या गल्लीतून आलाय. आपल्याकडे कच्च्या लिंबाला लांब सीमेवर उभं करायचे. अमेरिकेतही लहान मुलांच्या सामन्यांत राइट फील्डला सगळ्यात कच्चं पोर उभं असतं, कारण त्या वयात बहुतेक जण उजव्या हाताने खेळतात आणि चेंडू तिकडे फारसा जात नाही. वरच्या पातळीवर हे चित्र पालटतं. राइट फील्डपासून तिसरी बेस सगळ्यात लांब. पहिल्या बेसवरचा धावणारा तिसरीवर पोहोचू नये म्हणून तिथे संघातला दणकट हाताचा खेळाडू लागतो. मधल्या सेंटर फील्डला सगळ्यात वेगवान पाय लागतात. हात थोडा कमी असला तर लेफ्ट फील्डला खपतं. ११ एप्रिल २००१ ला ओकलंडमध्ये प्रतिस्पर्धी संघाचा टेरेन्स लाँग पहिलीवरून तिसरीकडे धावला, आणि राइट फील्डमधून इचिरोने टाकलेला चेंडू त्याच्या आधी तिसरीवर हजर. अमेरिकेतला त्याचा पहिला मोसम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि बॅटइतकंच त्या हाताचंही नाव झालं. बरं, हा इचिरो शाळेत कोण होता? १९९१ च्या कोशिएन या जपानच्या शालेय स्पर्धेत तो पिचर (चेंडू टाकणारा) म्हणून उतरला होता. आउटफिल्ड ही त्याचीसुद्धा दुसरी जागा. तुमच्या कोचने मुलाचा हात पाहून जागा बदलली असेल, तर तो कोच ठेवण्यासारखा आहे. का बदलली, हे विचारलंत का त्यांना? पत्रावरून तरी वाटत नाही. आणि विचारायचंच असेल तर मुलाने विचारावं.

भवितव्याचं स्पष्ट सांगते. मी स्काउट (खेळाडू हेरणारी) नाही, पत्रावरून कुणाचा हात जोखता येत नाही. धंदा कसा चालतो तेवढं सांगू शकते. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, वार्षिक निवडीत आता २० फेऱ्या असतात, म्हणजे साधारण सहाशे नावं, आणि त्यांत पिचरचा भरणा मोठा. शिवाय डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला इथली मुलं या निवडीबाहेरून, तुमच्या मुलाच्या वयात करार करून येतात. निवड झाली की आधी मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांच्या, पायऱ्या : बसचे प्रवास, आठवड्यात सहा सामने, एक सुट्टी. २०२३ च्या करारानुसार तळच्या पूर्ण मोसमाच्या पायरीवर वर्षाला सुमारे २६ हजार डॉलर आणि मेजर लीगच्या अगदी उंबरठ्यावर, ट्रिपल-ए मध्ये, सुमारे ३६ हजार. त्याच मेजर लीगमध्ये २०२६ चा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर. हा उंबरठा बहुतेकांना ओलांडता येत नाही. कोपऱ्यातल्या, म्हणजे लेफ्ट किंवा राइट फील्डच्या, आउटफिल्डरवर आणखी एक बोजा असतो, त्याने नुसतं झेलून भागत नाही, बॅटने कमाई करून द्यावी लागते. एवढं सगळं ज्याला करायचंय, त्याला सकाळी उठल्यावर ते स्वतःला हवंसं वाटलं पाहिजे. बापाची गाडी मायनर लीगच्या बसमागे जात नाही.

कॉलेजचं म्हणाल तर कॉलेजच्या खेळासाठी शाळेत लागणारे १६ मूलभूत विषय कोणते, हे शाळेतल्या समुपदेशकाकडे अर्ध्या तासात कळतं. शिष्यवृत्तीवर घराचं गणित मांडू नका, बेसबॉलमध्ये ती बहुधा तुकड्या-तुकड्यांनी मिळते. गणितातला 'बी' हा प्रश्नच नाही.

राहिला सातारा. तुम्ही तो तक्रारीच्या यादीत टाकलात. मूळ पत्रात तुम्हीच लिहिलंय की स्पर्धांमुळे गेले चार उन्हाळे तो आजीला भेटलेला नाही. १६ वर्षांचा मुलगा बापाशी बोलणं टाकतो आणि स्वतःहून आजीकडे जायचं म्हणतो! याहून सरळ तो काय सांगणार? याच उन्हाळ्यात कॉलेजवाले बघायला येतात, नेमका आत्ताच कसा पाठवू, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे, तोटा होईल. एखाद-दुसरी संधी हुकेलही. तरी पाठवा. परत आल्यावर त्याने आपणहून केजवर जायला गाडी मागितली, तर तुमच्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्हाला मिळेल. नाही मागितली, तर तेही उत्तरच, आणि ते वयाच्या सोळाव्या वर्षी मिळालेलं बरं.

तोवर गाडीत बेसबॉल बंद. स्कोअर नको, 'आज काय चुकलं' नको. तो गप्प बसला तर तुम्हीही बसा.

जूनचं तिकीट काढा. बॅग त्याची त्याला भरू द्या. ग्लव्ह आत ठेवलाय की नाही, हे उघडून बघू नका.