साताऱ्याजवळ शिडाच्या होड्यांच्या रेस कुठं होतात? सीझन कधीपासून कधीपर्यंत असतो?

तुम्ही लिहिलंय की मुंबईत काही वर्षं लेझर, म्हणजे एकट्यानं चालवायची शिडाची छोटी होडी, चालवली, आता बदली होऊन साताऱ्यात आलाय आणि एखादा क्लब सापडला तर रविवारचे रविवार रेस करायच्यात. मी सांगलीचा, नदीकाठचा, कॉलेजच्या दिवसात चार वर्षं शर्यतीच्या होडीत वल्हं मारलंय, तेवढ्या हक्कानं सांगतो. शिडाच्या रेस आमच्याकडं नाहीत. होड्यांच्या शर्यती आहेत, आणि जोरात आहेत, पण त्या वल्ह्याच्या. आणि तुमचं कॅलेंडर इथं उलटं करावं लागेल.

मुंबईत पाऊस आला की तुम्ही होड्या वर काढून ठेवता आणि पाऊस गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे पर्यंत सीझन. आमच्याकडं मे मध्ये नदीत वाळू आणि दगड दिसतात, काही वर्षी तर सांगलीत कृष्णा पार आटते आणि लोक कोयनेतून पाणी सोडा म्हणून बोंब मारतात. म्हणजे तुमची होडी पाण्यात असते तेव्हा आमची काठावर पालथी. आमचा सीझन म्हणजे पूर ओसरल्यापासून पाण्याची ओढ संपेपर्यंतचे काही आठवडे, साधारण श्रावण-भाद्रपद, आणि त्याची नक्की तारीख कुणी जूनमध्ये सांगितली तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही वारा बघता, आम्ही फूट बघतो. पावसाळ्यात सांगलीत सकाळी भेटलेला माणूस नमस्काराच्या आधी "किती फूट?" विचारतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी पाणी किती. 40 फूट इशारा, 45 धोका. 2019 ला ते 57 च्या वर गेलं, तेव्हा होड्या घरांच्या छतावरून माणसं काढायला फिरत होत्या, शर्यतीचं नाव कोण काढणार. वर कोयनेत 105 टीएमसीचं धरण, तिथून सोडलेलं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग आमच्याकडं येतं, वारणा तर हरिपूरला म्हणजे सांगलीच्या अगदी खाली मिळते, तिला पूर असला की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगतं. त्यामुळं सांगलीत ऊन पडलंय आणि तरी शर्यत पुढं ढकलली असं होतं, कारण पाऊस महाबळेश्वर-कोयनेकडं पडतोय.

शीड का नाही याचं माझ्या मते साधं कारण आहे. वाऱ्याची कमी नाही, तुमच्या साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. पण नदीचे काठ उंच, वर झाडी, पात्र चिंचोळं, वारा खाली येईपर्यंत तुकडे तुकडे होतो, आणि वाऱ्याच्या तोंडावर जाताना नागमोडी जायला जागा कुठाय, दोन वळणात समोरचा घाट लागला. शिवसागरला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, जागा आहे, ते तुमच्या डोक्यात आलं असेलच. पण बामणोली-तापोळ्याला जे बोट क्लब आहेत ते पर्यटकांना मोटरबोटीतून फिरवणारे, वासोटा किल्ल्याला नेऊन सोडणारे, नावात क्लब आहे म्हणून फसू नका. शिवाय पलीकडं अभयारण्य, परवानग्यांची भानगड.

आता आमची शर्यत. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, कवठेपिरान, समडोळी अशा काठच्या गावांतली पोरं, गावोगाव मंडळासारखे बोट क्लब, आणि इर्षा अशी की लग्नातसुद्धा मागच्या वर्षीचा निकाल निघतो. तुमच्यासारखी मालिका नसते, की पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, आणि सगळ्यात वाईट रेस वजा. इथं फेऱ्या आणि फायनल, एका दिवसात खेळ खल्लास. वाईट गेलेली रेस वजा होत नाही, ती वर्षभर ऐकून घ्यावी लागते.

आमची एक सांगतोच. वरच्या अंगाला बांधलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं होतं. प्रवाहाच्या उलट जाताना आम्ही काठाला चिकटून नेली, कारण मधे ओढ जास्त, काठाला कमी, तिथवर सगळं शिस्तीत आणि आम्ही दुसरे. पिंप आलं आणि मागं दिशा धरून बसलेल्या आमच्या गड्याला वाटलं इथंच वळवू, दोन हात वाचतील. आतल्या बाजूच्यांनी वल्ही पाण्यात रोवून धरली, बाहेरच्यांनी ओढलं, होडी आडवी झाली आणि त्याच क्षणी प्रवाहानं अख्खी कूस पकडून आम्हाला पिंपावर नेऊन चिकटवलं. पिंपाची दोरी माझ्या वल्ह्यात. मी ओढतोय, मागचा "सोड सोड" ओरडतोय, वल्हं बांधलेली दोरी ओली होऊन करकरतेय, तिसरी, चौथी होडी आमच्या बाजूनं निघून गेली आणि घाटावरची माणसं भडंग खात हसतायत. वर जाताना पिंपाच्या चांगलं पुढं जाऊन मगच वळायचं असतं, खाली आणायचं काम नदी करते. खालच्या वळणाला याच्या उलट, तिथं आधीच वळवायला घ्यायची, नाहीतर नदी पार लांब नेऊन सोडते. हे तुम्हाला भरती-ओहोटीत मार्क, म्हणजे वळसा घालायची खूण, घेताना माहीत असेल, आम्हाला पिंपानं शिकवलं. तुमच्यात मार्कला धक्का लागला तर एक गिरकी घेऊन दंड फेडता येतो ना, आमच्यात त्यावर भांडणं होतात आणि ज्याच्या गावची माणसं घाटावर जास्त त्याचं बरोबर असतं. (गंमत करतोय. थोडीशीच.)

खरंच शीडच पाहिजे असेल तर सरळ सांगतो, साताऱ्यातून मुंबई सोडू नका, महिन्यातून दोनदा जा. आणि पावसाळ्यात हात शिवशिवायला लागले तर हैदराबाद बघा, हुसेनसागरवर जुलैमध्ये लेझरच्या मोठ्या स्पर्धा होतात, तलाव असल्यामुळं तिथं पाऊस हाच सीझन.

वल्हं चालणार असेल तर इकडं या. बाहेरच्या माणसाला घेतात का असं विचारलंय, घेतात, पण शर्यतीला नाही, सरावाला. पहिला प्रश्न पोहता येतं का, खरं म्हणजे पूर आलेल्या पाण्यात काठ पकडता येतो का. स्विमिंग टँकचं पोहणं सांगू नका, हसतील. मगरी आहेत, भिलवडी-औदुंबर पट्ट्यात जास्त दिसतात, आमच्याकडंही दिसतात, सरावाला होडीतून खाली उतरून मस्ती करायची नाही एवढं पाळा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येणार, तुमचे हात दोरीनं तयार झालेले असले तरी येणार, कारण वल्हं हाताला वेगळ्या जागी घासतं.

क्लबचा फोन नंबर वगैरे शोधत बसू नका, बहुतेकांचं ऑफिस म्हणजे घाटावरची चहाची टपरी. ऑगस्टमध्ये पाणी 25 फुटांच्या खाली आलं असं पेपरात वाचलं की सांगलीवाडीच्या बाजूला पहाटे साडेपाचला येऊन उभे राहा. सातनंतर कुणी भेटत नाही, पोरं दूध घालायला नाहीतर कामाला गेलेली असतात.