आजोबांच्या आठवणींत विमान कुठेच नाही

डिचोलीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. माझे वडील हवाई दलात एअरमन (अधिकारी नसलेले सैनिक) होते. त्यांचं सुरुवातीचं ट्रेनिंग बेळगावजवळ सांबऱ्याला झालं. पहाटेची शिट्टी, चादरीची काटेकोर घडी, तोंड दिसेल असे चमकवलेले बूट, एकाचं पाऊल चुकलं म्हणून सगळ्या तुकडीने मैदानाला मारलेल्या फेऱ्या, हे ऐकतच ती मोठी झाली. तीन वर्षं झाली, सुट्टी लागली की बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात जायचा हट्ट. तिथल्या विमानांची चित्रं आणि माहिती यांनी एक दोनशे पानी वही भरलीय. आता म्हणते, मला जुन्या विमानांचंच काहीतरी करायचंय, म्हणून एअरफोर्समध्ये जाणार. फिजिक्सला ५८ गुण आहेत. तिचे बाबा म्हणतात फार्मसी कर, घरापासून जवळ नोकरी मिळेल. मुलीला हे सगळं झेपेल का?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुमच्या वडिलांच्या आठवणींत विमान कुठेच नाही, आणि मुलीच्या वहीत विमानाशिवाय दुसरं काही नाही. मला वाटतं, तुमच्या घरातला सगळा प्रश्न इथेच आहे.

मी पंधरा वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा कारागीर होतो. तुमचे वडील सांगतात ते अगदी खरं आहे. ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यांत विमान म्हणजे डोक्यावरून जाणारा आवाज. मान वर करून बघितलंत तर ड्रिल इन्स्ट्रक्टरची हाक ऐकायला मिळणार. हातात असतात ती बुटाची पॉलिश, पितळी बक्कल आणि झाडू. विमानांच्या वेडापायी आलेली कितीतरी मुलं तिथे दुसऱ्या आठवड्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडताना मी पाहिली आहेत. उलट ज्यांना आधी विमानाचं काही विशेष वाटत नव्हतं, त्यांतले काही त्या शिस्तीत रमले. विमानाची ओढ आणि वर्दीची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही असतील तर फार उत्तम. एकच असेल तरीही रस्ता आहे, फक्त तो वेगळा आहे.

त्या बुटांच्या पॉलिशचा विमानाशी काय संबंध, हे मला फार उशिरा कळलं. ट्रेड ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं शिक्षण, संपवून मी किरण या जेट ट्रेनरवर (वैमानिकांना शिकवायच्या विमानावर) काम करू लागलो. (मुलीला सांगा, किरणच्या आराखड्यामागे डॉ. वि. मा. घाटगे होते, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञाकडे शिकून आलेला हा माणूस. त्यांचंच एचटी-२ हे ट्रेनर १९५१ साली पहिल्यांदा उडालं आणि किरण १९६४ साली. पुढे कितीतरी वैमानिक या दोन विमानांवर शिकले.) एका रात्री काम संपल्यावर माझ्या ट्रेमध्ये एक वॉशर कमी भरला. पन्नास पैशांच्या नाण्याहून लहान. तो कॉकपिटच्या तळाशी पडून कंट्रोलच्या दांड्यात अडकला तर पायलटच्या जिवावर बेतणार. विमान तिथेच थांबवलं. टॉर्च आणि लहानसा आरसा घेऊन आम्ही चौघे पहाटेपर्यंत एकेक पॅनेल उघडत होतो. वॉशर सापडला तो माझ्याच ओव्हरऑलच्या दुमडलेल्या बाहीत. सकाळी त्या विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, सही करताना माझा हात थरथरत होता. त्या सहीचा अर्थ असतो, हे काम मी केलंय आणि या विमानात माणूस बसला तरी चालेल. चादरीची घडी सुतात हवी असा आग्रह का होता, ते मला त्या दिवशी कळलं.

"झेपेल का" याचं उत्तर म्हणूनच तिच्या मुलगी असण्यात शोधू नका. अग्निवीर वायू (हवाई दलातली चार वर्षांची भरती) म्हणून मुली आता सांबऱ्यालाच ट्रेनिंग घेतात, आणि २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएतही मुली आहेत. चुकीला जागा नसलेलं तेच ते काम रोज तितक्याच काळजीने करणं तिला आवडेल का, हे बघायला हवं.

आता रस्त्यांबद्दल. दोन्ही ओढी असतील तर सर्वांत जवळचा रस्ता अग्निवीर वायूचा. बारावीला गणित, फिजिक्स आणि इंग्रजी हवं, एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के. लेखी परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत धावावं लागतं, मुलांना सात. पण चार वर्षांची गोष्ट तिला स्पष्ट सांगा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे ठेवतात. बाकीच्यांना सुमारे १० लाखांचा सेवा निधी मिळतो, पेन्शन नाही. त्या चार वर्षांत लग्नही करता येत नाही. हे आधी माहीत असून मूल जात असेल तर मी खुशाल जा म्हणेन. अधिकारी व्हायचं असेल तर आत्ता एनडीए आहे, किंवा इंजिनिअरिंग करून एएफकॅट या हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेमार्गे टेक्निकल ब्रँच. तुमच्या मुलीसाठी मला हा दुसरा मार्ग जास्त पटतो. फर्मागुडीचं इंजिनिअरिंग कॉलेज घरापासून फार लांब नाही, आणि चार वर्षांत तिचं मनही स्वच्छ होईल.

वर्दी नको, विमानच हवं असेल, तर एअरक्राफ्ट मेन्टेनन्स इंजिनिअरिंग. डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेचं लायसन्स मिळालं की प्रवासी विमान उडायला योग्य आहे असं सांगणारी सही तुमची. माझ्या फॉर्म ७०० चीच ही नागरी बहीण. लायसन्सचे मुख्य प्रकार दोन: बी १ म्हणजे इंजिन आणि सांगाडा, बी २ म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आपल्या दाराशी आहेत. कोर्सला काही लाख रुपये लागतात, म्हणून एक कळकळीची विनंती: संस्थेचं नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीत स्वतः बघितल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. आणि कोर्स संपला म्हणजे लायसन्स हातात आलं असं नसतं. मॉड्यूलच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव, दोन्ही लागतं. यात फिजिक्सचे ५८ नडत नाहीत, पण फिजिक्सची नावड मात्र नडते.

राहिली जुनी विमानं. इथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. निव्वळ विमानं जतन करण्याच्या नोकऱ्या आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बडोद्याला म्युझिऑलॉजीचं (संग्रहालयशास्त्राचं) शिक्षण मिळतं, पण तिथून विमानापर्यंतची वाट अरुंद आहे. टायगर मॉथ, हार्वर्ड, डकोटा अशी जुनी विमानं उडत्या स्थितीत ठेवणारी व्हिंटेज तुकडी हवाई दलातच आहे, आणि त्यांना हात लागतो तो वर्दीतल्या कारागिरांचा. तिचं स्वप्न खोटं नाही. पण आधी आजच्या विमानांवर हात बसलेला मेकॅनिक व्हावं लागतं, मग जुन्या विमानाची पाळी येते.

हात बसवायची सुरुवात बोगमाळोलाच करता येईल. वहीत तिने सी हॉक या नौदलाच्या जुन्या लढाऊ विमानाबद्दल काय लिहिलं असेल याचा मला अंदाज आहे: विक्रांत या विमानवाहू जहाजावरून १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ल्याला गेलेलं विमान, पंख दुमडणारं. सी हॅरियर २०१६ मध्ये इथल्याच आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर निवृत्त झालं, हेही असेल. पुढच्या खेपेला तिला सांगा, नावं आणि साल पुरे झाली. उघड्यावरच्या विमानांपाशी खाली वाकून रिव्हेट बघ. समुद्र जवळ, हवेत मीठ. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी स्क्रू भेटतो तिथे ओल धरली की दोन धातूंत सूक्ष्म बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं, पांढरी भुकटी सुटते. रंगाखाली बारीक फोड दिसतात. कॉकपिटवरच्या पारदर्शक छतावर उन्हाने पडलेल्या केसासारख्या चिरा दिसतात. सी हॉकचा जेटचा झोत शेपटीतून न जाता दोन्ही पंखांच्या मुळाशी दोन तोंडांनी बाहेर पडतो. का, ते शोध. तिथल्याच सुपर कॉन्स्टेलेशन या मोठ्या विमानाला तीन उभ्या शेपट्या का, तेही शोध. हे विमान आधी एअर इंडियात होतं, मग हवाई दलात, मग नौदलात. एकाच यंत्राने तीन घरं पाहिली.

मग वहीत प्रत्येक विमानाखाली दोन ओळी: हे कशाने चालायचं, आणि आता कशाने खराब होतंय. अशी पाच पानं तिने आपणहून लिहिली, तर मला वाटतं तुम्ही आणि तिच्या बाबांनी फार्मसीचा विषय सध्या बाजूला ठेवावा. लिहायचा कंटाळा आला, तर तेही काही वाईट नाही. छंद म्हणून विमानं आयुष्यभर राहतील आणि फार्मसीही चांगली आहे.

तुमच्या वडिलांसाठीही एक काम आहे. चवथीला सगळे एकत्र जमाल तेव्हा नातीला त्यांच्यासमोर बसवा आणि बुटांच्या, परेडच्या गोष्टी झाल्या की त्यांना विचारा: सांबरा सुटल्यावर विमानाला पहिल्यांदा हात कधी लागला, आणि तेव्हा काय वाटलं? ही गोष्ट त्यांनी अजून सांगितलेली नाही असं दिसतं. त्यांचं उत्तर ऐकताना तिचा चेहरा बघा, आणि वहीच्या त्या पाच पानांचे फोटो मला पाठवा. मी वाचून तिला स्वतः उत्तर लिहीन.