ओव्हरक्लॉकिंग आणि कूलर: आधी वॅट मोजा, मग खरेदी करा

या वेळच्या प्रश्नांमध्ये ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, 'सगळ्यात चांगला कूलर कोणता?' असं विचारणारे बरेच आहेत. प्रोसेसर किती वॅट खातो आणि उष्णता वाटेत कुठे अडते, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून ज्यांनी आकडे कळवले आहेत, त्यांचे प्रश्न आधी घेतो.

प्रश्न : प्रोसेसर 4.7 गिगाहर्ट्झवरून 5.2 वर नेला. त्यासाठी व्होल्टेज 1.25 वरून 1.40 करावं लागलं. वेग जेमतेम 11 टक्के वाढला, पण तापमान 70 अंशांवरून थेट 88 वर गेलं. खोलीत 25 अंश असतात. कूलर कमी पडतोय का?

कूलर आपलं काम चोख करतो आहे. चिपमधली वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. तुमचे आकडे घालून बघा. वेगामुळे 1.106 पट, व्होल्टेजमुळे 1.12 गुणिले 1.12, म्हणजे 1.25 पट. दोन्ही मिळून उष्णता सुमारे 39 टक्क्यांनी वाढली. आधी प्रोसेसर खोलीपेक्षा 45 अंशांनी गरम होता, त्यात 39 टक्के मिळवले की साधारण 63 होतात. खोलीचे 25 धरले की झाले 88.

नवा कूलर घेण्याआधी 5.1 गिगाहर्ट्झ आणि 1.32 व्होल्ट करून बघा. प्रोसेसर तेवढ्यावर स्थिर राहिला, तर वाढ 39 ऐवजी 21 टक्क्यांवर येते. शेवटच्या 100 मेगाहर्ट्झसाठी एवढी उष्णता सोसणं मला तरी पटत नाही. आणि उन्हाळ्यात खोली 35 अंशांवर गेली की हाच 88 चा आकडा 98 होईल, तेही आत्ताच हिशेबात धरा.

प्रश्न : 360 मिमी रेडिएटरचा एआयओ लिक्विड कूलर (पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र येणारा पाण्याचा कूलर) बसवला. तरी लोड पडताक्षणी रायझन 7000 मालिकेतला प्रोसेसर 95 अंशांना टेकतो. कूलर सदोष आहे का?

'पडताक्षणी' हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात कामाचा शब्द. उष्णतेची वाट अशी असते : सिलिकॉनची चिप, तिच्यावरचं धातूचं झाकण, थर्मल पेस्ट, कूलरचा तांब्याचा तळ, पाणी, रेडिएटरच्या पात्या आणि शेवटी हवा. यातला कोणता टप्पा तुंबलाय, ते तापमानाचा आलेखच सांगतो. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॅट नोंदवणारं सॉफ्टवेअर) उघडा, प्रोसेसरच्या सगळ्या कोअरवर पूर्ण लोड टाका आणि अर्धा तास नोंद होऊ द्या.

आकडा दोन-तीन सेकंदांत वर उडाला, तिथेच सपाट राहिला आणि लोड काढताच धपकन खाली आला, तर पाणी गारच आहे. उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी रेडिएटर कितीही मोठा घ्या, उपयोग नाही. उलट आकडा दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर पाणी तापतंय. मग रेडिएटर, पंखे किंवा कॅबिनेटमधली हवा बघायची.

तुमचा प्रकार पहिला दिसतो. मात्र दुरुस्तीला हात घालण्याआधी एक गोष्ट तपासा. रायझन 7000 मालिकेतले बहुतेक प्रोसेसर मुद्दामच 95 अंशांपर्यंत वेग वाढवत नेतात. त्यातला एकेक कोअर-चिपलेट (ज्यावर कोअर असतात तो सिलिकॉनचा तुकडा) जेमतेम 70 चौरस मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेतून शंभरावर वॅट बाहेर काढणं कोणत्याही कूलरला जड जातं. म्हणून 95 हा आकडा एकटा बघू नका, त्या क्षणी किती वॅट चाललेत ते बघा. उदाहरणार्थ, या मालिकेतल्या 7950एक्सची सॉकेटमधून वीज घेण्याची मर्यादा 230 वॅट आहे. तिथपर्यंत पोहोचून 95 येत असतील तर सगळं ठीक आहे. 140 वॅटलाच येत असतील तर कूलर काढून तळ बघा.

पेस्टचा ठसा नीट न्याहाळा. बसवणी बरोबर असेल तर मधोमध पेस्ट इतकी पातळ दाबली जाते की धातू जवळजवळ दिसतो, आणि जास्तीची कडांना जमते. एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ असेल, तर स्क्रू असमान आवळले गेलेत. ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे-थोडे आवळायचे असतात. एकदा मी स्वतः तळावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी काढायलाच विसरलो होतो आणि दोन संध्याकाळी पंप खराब आहे असं समजून तो तपासत बसलो. आता पेस्ट लावण्याआधी तळावरून नखाची कड फिरवून बघतो.

प्रश्न : हवेचा कूलर की पाण्याचा? आणि 240, 280, 360 यांत काय घ्यावं?

सलग 200 वॅटपर्यंत काम असेल, तर दोन टॉवरचा (पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) चांगला एअर कूलर मी डोळे झाकून सुचवेन. त्यात पंप नाही, पाणी नाही. दहा वर्षांनी पंखा बदलला की पुन्हा चालू. शिवाय त्याची हवा मदरबोर्डच्या व्हीआरएमवरही (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) जाते. ओव्हरक्लॉकमध्ये तोही तापतो, आणि एआयओ बसवल्यावर त्याला वारा मिळेनासा होतो. फक्त उंची मोजा : नॉक्टुआ एनएच-डी15 हा 165 मिमी उंच आहे आणि उंच रॅम असेल तर पुढचा पंखा आणखी वर सरकवावा लागतो.

उदाहरणार्थ, इंटेलचा कोअर आय9-13900के. त्याची कमाल टर्बो (वाढीव वेगावरची) वीजमर्यादाच 253 वॅट आहे. त्यावर ओव्हरक्लॉक करायचं असेल तर 360 घ्या. रेडिएटरचं क्षेत्रफळ बघितलं तर 240 मध्ये 288 चौरस सेंमी, 280 मध्ये 392 आणि 360 मध्ये 432. म्हणजे 280 हा 360 च्या बराच जवळ जातो, तरी लोक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. कॅबिनेटमध्ये 360 मावत नसेल तर 240 वर येण्याआधी 280 बसतो का ते बघा.

प्रश्न : साध्या पेस्टऐवजी लिक्विड मेटल (द्रवरूप धातू) लावू का?

झाकणावर लावायचं असेल तर नको. फायदा काही अंशांचाच होतो आणि धोका मोठा. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियमला पोखरून टाकतं आणि वाहक असल्यामुळे एक थेंब ओघळला तरी शॉर्ट होऊ शकतो. झाकण काढून थेट चिपवर कूलर बसवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे त्याचा खरा उपयोग होतो, पण वॉरंटी जाते.

प्रश्न : एआयओमधून खळखळ आवाज येतो. रेडिएटर खाली, कॅबिनेटच्या तळाशी आहे.

रेडिएटर वर हलवा. नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं-थोडं पाणी उडून जातं आणि आत हवा साठते. ती हवा नेहमी सर्वांत उंच जागी जाते, आणि तुमच्याकडे ती जागा पंपाची आहे. पंप कोरडा फिरला की तापमान वाढतं आणि पंपही लवकर जातो. वरच्या जाळीखाली रेडिएटर बसत नसेल तर पुढे उभा लावा, पण त्याचं वरचं टोक पंपाहून उंच हवं.

हे करताना पंपाचा वेग बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) स्थिर ठेवा. पंखे मात्र प्रोसेसरच्या नाही, पाण्याच्या तापमानावर चालवा, तसा सेन्सर तुमच्या कूलरमध्ये असेल तर. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे प्रत्येक क्लिकसरशी पंख्यांचा आवाज वर-खाली होत नाही.