इंजिन वाढवायचं की गाडीच बदलायची? वाचकांचे प्रश्न

हळू गाडीवर काम करून तिला पळवावं की सरळ वेगवान गाडी घ्यावी, या एकाच गोंधळाची पत्रं सतत येत असतात. त्यामुळे यावेळी फक्त तीच घेतली आहेत. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा इथलं वाचून पाना हातात घेण्याआधी ती जाणत्या मेकॅनिकला दाखवा.

प्रश्न : माझी १२५ सीसीची मोटारसायकल जेमतेम ९५ पर्यंत जाते. मला १२० हवेत. बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवून १५० सीसी करून घेतली तर मोठ्या गाडीच्या निम्म्या खर्चात काम होईल, असं मित्र म्हणतो. बरोबर आहे का?

मित्राने गणित केलेलं दिसत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. म्हणजे ९५ वरून १२० वर जायचं तर जवळपास दुप्पट ताकद हवी. बोअर वाढवून इंजिन २० टक्के मोठं झालं आणि ताकदही तेवढीच वाढली असं धरलं, तरी टॉप स्पीड १०१ च्या आसपास येऊन थांबेल. पिकअप सुधारेल, हे कबूल. पण पाच-सहा किलोमीटरसाठी सिलिंडर, पिस्टन, गॅस्केट, इंधनाचं नवं सेटिंग आणि मग लवकर झिजणारी क्लच प्लेट असा हिशेब मांडला की ‘निम्मा खर्च’ राहत नाही. शिवाय गाडी विकताना या कामाचे पैसे कुणी मोजत नाही. उलट भाव पाडतात.

१२० हवेच असतील तर कारखान्यातूनच १२० आरामात धरणारी गाडी घ्या. त्याआधी मात्र एक आठवा : हीच गाडी नवी असताना किती जायची? तेव्हा १०५ जात असेल तर तिला मोठं इंजिन नको, दुरुस्ती हवी आहे. घासणारा ब्रेक, कमी हवा, घसरणारा क्लच, तुंबलेला फिल्टर, बिघडलेलं टॅपेट, बसलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी काहीही वेग खातं. कॉम्प्रेशन मोजून घ्या आणि मगच पुढचं बोला.

प्रश्न : एअर फिल्टर काढून टाकला तर इंजिनाला जास्त हवा मिळते ना?

हवेबरोबर धूळही मिळते, आणि ती सिलिंडरची भिंत खरवडते. काढू नका.

प्रश्न : पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १४ दात्यांचं आहे, ते १५ चं करायचा सल्ला मिळाला आहे. वेग वाढेल?

वाढेलच असं नाही. गिअरिंग साधारण ७ टक्क्यांनी लांब होईल, म्हणजे तेवढ्याच आरपीएममध्ये चाक जास्त फिरेल, पण ते फिरवायला इंजिनात दम हवा. सपाट रस्त्यावर शेवटच्या गिअरमध्ये तुमचं इंजिन लाल रेषेपर्यंत (आरपीएमच्या कमाल मर्यादेपर्यंत) सहज पोचत असेल तरच फायदा. पोचायच्या आधीच धाप लागत असेल तर टॉप स्पीड आणखी घटेल आणि चढावर खालचा गिअर टाकावा लागेल. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागेल, हे दुकानात कुणी सांगत नाही.

प्रश्न : फ्री-फ्लो सायलेन्सर बसवला. गाडी नक्कीच जोरात पळते आहे असं जाणवतं. दुकानदार म्हणतो पाच हॉर्सपॉवर वाढली.

आवाज वाढला, तो तुम्हाला ऐकू येतोय. अकरा-बारा हॉर्सपॉवरच्या इंजिनात नुसत्या नळीने पाच वाढत असती तर ती नळी कारखान्यानेच लावली असती. दुकानदाराकडे डायनोचे (ताकद मोजणाऱ्या यंत्राचे) दोन कागद मागा : एक आधीचा, एक नंतरचा, त्याच मशीनवरचे, त्याच दिवशीचे. मिळणार नाहीत. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एक्झॉस्ट मोकळा केला आणि इंधन तेवढंच ठेवलं तर मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) होऊ शकतं आणि इंजिन तापतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर प्रदूषण तपासणीत गाडी अडकू शकते ते वेगळंच. इंधनाचं मिश्रण तपासून घ्या.

प्रश्न : टर्बो डिझेल कार आहे. रीमॅप करून (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून) ३० टक्के ताकद वाढते, नुकसान शून्य, आणि सर्व्हिसिंगच्या आधी मूळ फाइल परत टाकली की कुणाला कळत नाही, असं सांगतात.

तीन दावे आहेत. पहिल्यात तथ्य आहे. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येतो, त्यामुळे २० ते ३० टक्के वाढ शक्य असते; बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनात रीमॅपने फारसं काही हाती लागत नाही. दुसरा दावा खोटा. जास्त टॉर्क क्लच, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्स यांतूनच जाणार, आणि टर्बोही जास्त तापणार. गाडी जुनी असेल तर जो भाग आधीच झिजला आहे तो पहिला जाईल. तिसरा दावा फसवायला शिकवणारा आहे, आणि कच्चाही : सॉफ्टवेअर किती वेळा बदललं याची नोंद पुष्कळ ईसीयू (इंजिन चालवणारे संगणक) स्वतःच ठेवतात. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. वॉरंटी संपली असेल तर आधी विमा कंपनीला कळवा आणि होकार लेखी घ्या. अपघातानंतर कळवून उपयोग नसतो. आणि तुमच्या गाडीची तपासणी न करता सगळ्यांना तीच फाइल टाकणाऱ्याकडे तर जाऊच नका.

प्रश्न : महागडं हाय-ऑक्टेन पेट्रोल टाकलं तर?

गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं नसेल आणि इंजिन नॉक करत नसेल (इंधन अवेळी पेटून टकटक वाजत नसेल), तर काहीही फरक नाही.

प्रश्न : इंजिनाचं काम झालं. पूर्वी कार १०० च्या वर जायला कुरकुरायची, आता १४० सहज जाते. ब्रेक मूळचेच आहेत, आजवर काही त्रास नाही. बदलायलाच हवेत का?

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘आजवर त्रास नाही’ हा १०० चा अनुभव आहे, १४० चा नाही.

आकडेच पाहा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १४० ला ती १०० च्या जवळपास दुप्पट असते. कोरडा चांगला रस्ता, चांगले टायर, आणि ब्रेकवर पाय पडायला एक सेकंद, असं धरू. १०० वरून गाडी सुमारे ८३ मीटरमध्ये थांबते. १४० वरून सुमारे १४७ मीटर लागतात. आता दोन्ही गाड्यांपुढे एकाच ठिकाणी अडथळा आला असं समजा. जिथे १०० ची गाडी पूर्ण थांबली, तिथून १४० ची गाडी अजून १०० हून जास्त वेगाने जात असते. पत्रात ‘सहज’ लिहिताना हे तुमच्या डोक्यात होतं का?

ही दुप्पट ऊर्जा जाते कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. लागोपाठ दोन-तीनदा जोरात दाबले की पॅड पकड सोडतात. मागे ड्रम असेल तर उष्णता आतच कोंडते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळाला जातं. तुम्ही ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?

त्यात पुन्हा नुसती मोठी डिस्क लावून सुटका नाही. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलला देणारा भाग) तोच राहिला तर पेडलचा अंदाज बदलतो, पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, एबीएस असेल तर त्याचं गणित चुकतं. शेवटी गाडीला थांबवतो तो टायर. त्याच्या बाजूवर मापाच्या शेवटी एक अक्षर असतं : एस म्हणजे १८०, टी १९०, एच २१० पर्यंत. त्याच बाजूला चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. अक्षर चांगलं पण टायर म्हातारा, असं सर्रास दिसतं.

म्हणून माझं उत्तर : ब्रेक आणि टायर तपासून होईपर्यंत गाडी जुन्याच वेगात ठेवा. काम मात्र ज्याने इंजिन केलं त्याच्याकडे नेऊ नका. ब्रेकचा विचार न करता त्याने गाडी तुमच्या हाती दिली आहे.

प्रश्न : बोअर किट बसवल्यापासून चढावर ॲक्सिलरेटर पिळला की टकटक आवाज येतो. दोन महिने झाले. मेकॅनिक म्हणतो, किट नवीन आहे, सेट होईल.

दोन महिने? पिस्टनच्या रिंगा बसतात, नॉकिंग बसत नाही. ते असंच चालू राहिलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकतं. आजपासून गाडी चालवणं बंद. ती दुसऱ्या गॅरेजमध्ये न्या, पण चालवत नको, टेम्पोत टाकून. मिश्रण, इग्निशन टायमिंग आणि कॉम्प्रेशन रेशो तिन्ही तपासायला सांगा.

प्रश्न : एक वेगवान गाडी सेकंडहँड मिळते आहे. आधीच्या मालकाने एक्झॉस्ट, रीमॅप, सस्पेन्शन सगळं करून घेतलंय, आणि किंमत मूळ गाडीएवढीच. सौदा चांगला ना?

तो सगळं फुकट का देतोय, हे आधी विचारा. जमलं तर त्याच मॉडेलची, हात न लावलेली गाडी शोधा. कंपनीच्या मूळ गाडीत इंजिन, ब्रेक, टायर आणि रेडिएटर एकमेकांच्या हिशेबाने बनलेले असतात. हीच घ्यायची असेल तर मूळ सुटे भाग हजर आहेत का पाहा, बदलांची बिलं मागा, नोंदणीची कागदपत्रं इंजिनाशी जुळतात का ते ताडा. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या, आणि ते विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये नको. इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करायला लावा. विम्याचा हप्ता आणि टायरचा खर्चही सह्या करण्याआधी विचारा.

प्रश्न : वेगाचं मला एवढं नाही, पण स्वतःच्या हाताने इंजिन खोलण्यात मजा आहे. तरी नको म्हणाल?

नाही म्हणणार. हौस म्हणून करा, बचत म्हणून करू नका. रोज कामावर जायची गाडी वगळून दुसरी जुनी गाडी घ्या. आधी ब्रेक, मग टायर, मग सस्पेन्शन, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. प्रत्येक बदलानंतर एखाद्या अनुभवी माणसाला दाखवा, आणि वेग बंद ट्रॅकवरच आजमावा.

प्रश्न : पेट्रोलच्या नळीवर लावायचं चुंबक घेऊ का? १५ टक्के पिकअप वाढतो असं पाकिटावर लिहिलंय.

नको. त्या पैशांत ब्रेक ऑइल बदलून घ्या.