तिसरीतल्या मुलाची चित्रकला आणि एलिमेंटरीची घाई

आपला मुलगा तिसरीत आहे, त्याच्या चित्रांत माणसे घरापेक्षा मोठी येतात, मोबाइलवर पाहून काढलेली चित्रे मात्र नीटस दिसतात. तेव्हा एलिमेंटरी या शासकीय चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी आतापासूनच क्लास लावावा का, असे आपण विचारले आहे. सोलापुरात प्राथमिकच्या मुलांना चित्रकला शिकवताना हा प्रश्न मला पालकांनी वारंवार विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माणूस मोठा आणि घर लहान, हे त्या वयाला अगदी साजेसे आहे. मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात या वाढीचे टप्पे मांडले आहेत. साधारण ७ ते ९ या वयात मूल माणूस, झाड, घर यांचे स्वतःचे ठरावीक आकार तयार करते, कागदाच्या तळाशी आडवी रेघ ओढून सगळे तिच्यावर उभे करते आणि जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते. नऊ वर्षांनंतर प्रमाण त्याचे त्यालाच खटकू लागते, आणि खरे शिकवणे तेव्हा सुरू करावे.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेनंतर मुलांना नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक काढायला सांगितली, की काठी हमखास कागदाबाहेर जाते. अशा वेळी काठी आखूड करायला न सांगता वर दुसरा कागद चिकटवून द्यावा. एका मुलीने बाराबंदी, म्हणजे बंदांचा पांढरा अंगरखा घातलेल्या माणसाचे दोन्ही हात धडापेक्षा लांब काढले होते आणि बोटे एकेक करून काठीभोवती वळवली होती. चेहऱ्यावर मात्र नुसते दोन ठिपके होते. तेवढी जड काठी तोलून धरायची तर सारा जीव हातांत एकवटतो, हे तिने बरोबर टिपले होते. तिथे कोणी 'हात केवढे काढलेस!' म्हणाले असते, तर पुढच्या चित्रात हात बेताचे आले असते आणि काठीचा भार निघून गेला असता.

म्हणूनच मोबाइलवरची नक्कल आणि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, नदी, झोपडी हे ठरलेले निसर्गचित्र मला मनापासून खटकते. आपल्या सपाट मुलखातल्या मुलाने असा सूर्योदय पाहिलेला नसतो, तरी हात सवयीने तोच गिरवत राहतो आणि डोळ्यांना काही काम उरत नाही.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. पाठकोरे कागद, २बी किंवा ४बी पेन्सिल आणि तेलखडू द्यावेत. खोडरबर काही दिवस बाजूला ठेवावा, म्हणजे रेघ ओढण्यापूर्वी मूल नीट बघू लागते. एक दिवस समोर चप्पल किंवा तवा ठेवून चित्र काढू द्यावे. रविवारी कंबर तलावावर किंवा भुईकोट किल्ल्यात न्यावे, तिथे कागद काढू नये, आणि घरी आल्यावर आठवेल ते काढायला सांगावे. सोलापुरी चादर तर घरात असतेच. तिची किनार आणि मधली नक्षी गणिताच्या चौकडीच्या वहीत चौकट मोजून उतरवायला द्यावी. नक्षीदार कापड विणणाऱ्या जेकार्ड मागावरची नक्षीही आधी अशीच चौकटींच्या कागदावर मांडली जाते. एकच आकार पुन्हा पुन्हा आला की नक्षी कशी तयार होते, हे मुलाला त्यातून आपोआप उमगते.

चित्र पाहताना 'हे काय काढलंस?' असे न विचारता 'यात काय चाललंय, सांग बघू' असे म्हणावे. त्याच्या कागदावर आपण पेन्सिल अजिबात चालवू नये.

एलिमेंटरीची शासकीय रेखाकला परीक्षा कला संचालनालय घेते आणि मुले तिला साधारण सातवी-आठवीत बसतात. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम यांचा समावेश असतो, आणि वर सांगितलेल्या सरावात या तिन्हींची पायाभरणी होते. भूमिती आणि अक्षरलेखनाची तयारी त्या इयत्तेत गेल्यावर करता येते, त्यासाठी आताची वर्षे खर्ची घालू नयेत.

तरीही क्लास लावायचाच असेल, तर आधी तिथे जाऊन भिंतीवरची चित्रे पाहावीत. दहा मुलांची चित्रे एकाच साच्यातली वाटली, तर दुसरा क्लास शोधावा. कोणते चित्र कोणाचे हे वेगळे ओळखू येत असेल, तर मुलाला तिथे निःशंकपणे पाठवावे.