टक्का नव्हे, वेग पाहा

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधातला तक्ता पाहिला. पासष्टीपुढच्यांचे प्रमाण जपानमध्ये सुमारे 29 टक्के आणि भारतात जेमतेम 7, मग वृद्धांसाठी धोरण आखायची आपल्याला एवढी घाई कसली, हा तुझा गोंधळ त्या तक्त्यानेच निर्माण केला आहे. टक्का पाहू नकोस, वेग पाहा.

फ्रान्समध्ये हे प्रमाण 7 टक्क्यांवरून 14 वर जायला शतकाहून अधिक काळ लागला, कारण तिथला जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून संथपणे उतरत होता. तेवढ्या अवधीत उद्योग वाढले आणि निवृत्तिवेतनाची घडी बसली. जपानने तेच अंतर 1970 ते 1994 या काळात कापले आणि दक्षिण कोरियाला 2000 नंतर दोन दशकेही लागली नाहीत. कोरियातली राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना 1988 ची. देश उभा करणारे कामगार तोवर उतारवयाकडे झुकले होते आणि पुरेशी वर्गणी भरायला त्यांच्या हाती वर्षेच उरली नव्हती. म्हणून आज त्या संपन्न देशातले सुमारे 40 टक्के वृद्ध सापेक्ष दारिद्र्यात, म्हणजे देशातल्या मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहूनही कमी उत्पन्नात, आहेत. हा वेगाचा परिणाम आहे, आणि तुझ्या टक्क्यांत तो दिसत नाही.

‘लोक जास्त जगतात म्हणून देश म्हातारा होतो’ हे वाक्यही कृपा करून खोड. आयुर्मानाचा वाटा आहेच, पण आधी घटतात ते जन्म. कोरियाचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी होणारी मुले, 2023 मध्ये 0.72 वर आला होता.

शिवाय कोणता भारत? 2011 च्या जनगणनेत साठीपुढचे लोक केरळात 12.6 टक्के होते, बिहारमध्ये 7.4. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची तर लोकसंख्याच 2001 ते 2011 या दशकात घटली. तरणी मंडळी मुंबईला गेली की वाडीचे सरासरी वय एकदम चढते, आणि पेन्शन काढायला एस.टी.ने तालुक्याला गेलेल्या आजीच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र स्वीकारत नाही, तेव्हा सोबत बोलायला घरचे कोणी नसते.

जन्मदर उतरवण्याच्या चर्चांत मी वर्षानुवर्षे बसलो, पण उतरल्यानंतर काय, हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हते, ही खंत आहे. मी याच मुद्द्यावर अडून बसतो म्हणून पुढे मला बोलावणेही बंद झाले. तरीही तो हट्ट सोडायला हवा होता असे मला आजही वाटत नाही, कारण धोरण आखायला किती वर्षे हाती आहेत हे टक्का सांगत नाही.

तेव्हा प्रत्येक देशापुढे 7 वरून 14 पर्यंत जायला लागलेली वर्षे मांड आणि शेजारी दीर्घकालीन शुश्रूषा विमा, म्हणजे परावलंबी झालेल्यांच्या रोजच्या देखभालीचा खर्च उचलणारा विमा, कधी आला ते लिही: जर्मनी 1995, जपान 2000, कोरिया 2008. भारतापुढे लिहायला काही सापडणार नाही. ते का, यावर एक स्वतंत्र प्रकरण लिही. तो तक्ता झाल्याशिवाय मी जुना मसुदा पुढे वाचणार नाही.