वाचकांचे प्रश्न : मॅक्लोडगंजला सॅक घेऊन जाताना

(हिमाचलमधल्या धरमशाळेच्या वरचं मॅक्लोडगंज, म्हणजे दलाई लामांचं आणि तिबेटी निर्वासितांचं गाव. त्याविषयी खान्देशातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.)

प्रश्न : भुसावळहून जायला दिल्लीत उतरून बस बरी, की पठाणकोटपर्यंत रेल्वेनेच जावं? – निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

पठाणकोटच बरं. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम एक्स्प्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळ घेत थेट पठाणकोट कँटला सोडते. धुळेकरांनी ती चाळीसगावला पकडावी. नंदुरबार-शहाद्याकडच्यांनी मात्र भुसावळपर्यंत उलटं येण्यापेक्षा सुरतहून जाणाऱ्या गाड्या आधी पाहाव्यात. भुसावळपासून एक अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात. जम्मूकडच्या गाड्या कामांमुळे अधूनमधून जम्मूच्या आधीच्याच एखाद्या स्टेशनावर थांबवतात, म्हणून आपल्या तारखेला गाडी कुठपर्यंत धावते ते तिकीट काढतानाच बघा.

पठाणकोटला उतरण्यासाठी गजर लावा. झोप लागली तर पुढे जम्मू-काश्मीरची हद्द सुरू होते आणि तिथे आपलं प्रीपेड सिम बंद पडतं. म्हणजे चुकलात तर चुकल्याचं घरी कळवायचीही सोय नाही.

पठाणकोटहून धरमशाळा साधारण ९० किलोमीटर. बसला तीन ते चार तास लागतात. वळणं बरीच आहेत. पोट ढवळणाऱ्यांनी पुढची जागा धरावी आणि भरपेट पराठे खाऊन बसू नये. बहुतेक बस खालच्या धरमशाळेतच सोडतात. वर मॅक्लोडगंजला आणखी नऊ-दहा किलोमीटर. छोटी बस, टॅक्सी किंवा २०२२ साली सुरू झालेला रोपवे, काहीही चालेल. कांगडा खोऱ्यातल्या छोट्या रेल्वेचा मोह मात्र आवरा. ऑगस्ट २०२२ च्या पुरात तिचा चक्की नदीवरचा पूल पडला, त्यामुळे ती त्या दिवशी कुठून कुठपर्यंत चालते याची खात्री केल्याशिवाय बेत आखू नका. शिवाय ती धरमशाळेला जातच नाही. कांगड्याला उतरून पुन्हा बस धरावी लागते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र डिसेंबरच्या शेवटी जाणार आहोत. आमच्याकडे ४४-४५ अंशांची सवय, थंडीची नाही. काय काय न्यावं? – महाविद्यालयीन विद्यार्थी, चोपडा

गावाची उंची साधारण २,००० मीटर, म्हणजे तोरणमाळच्या पावणेदोन पट. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, कधी बर्फही पडतो. तरी उन्हात बाहेर फिरताना फार त्रास होत नाही. त्रास खोलीत होतो. तिथल्या साध्या गेस्ट हाउसमध्ये खोल्या गरम ठेवायची सोय नसते. भिंती गार, फरशी गार आणि रजई दमट. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा. खिडकीतून दक्षिणेचं किंवा पश्चिमेचं ऊन येतं का? रजईला कुबट वास येतो का? गरम पाण्याचा नळ दोन मिनिटं सोडला तर पाणी खरंच तापून येतं का? हीटर मिळणार असेल तर त्याचं भाडं खोलीत धरलेलं आहे की वेगळं? ऐन मोसमातही उत्तरेकडची खोली स्वस्त मिळते, ती याच कारणाने.

एक गोष्ट विसरू नका : बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल तर झरोका उघडा आहे याची खात्री करून मगच आंघोळीला जा.

सॅक ४०-४५ लिटरची पुरे, भरून आठ-नऊ किलोंच्या वर जाऊ देऊ नका. थर्मलचे दोन जोड घ्या, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा. दिवसभर घामेजलेल्या थर्मलवर झोपलं की पहाटे हुडहुडी भरते. त्यावर फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ, हलकं जॅकेट, आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं टोपीचं जॅकेट. एकच जाडजूड स्वेटर घेण्याची चूक आपल्याकडचे बहुतेक जण करतात. चढावर घाम येतो म्हणून तो काढावा लागतो, आणि थांबलं की वारा त्याच्या विणीतून आरपार जातो. जीन्स घरीच ठेवा, भिजली तर दोन दिवस वाळत नाही. लोकरीचे मोजे तीन जोड घ्या, पण एकावर एक दोन चढवून बूट घट्ट करू नका. पायाचा रक्तपुरवठा दबतो आणि बोटं आणखी गार पडतात. बूट नवे असतील तर पंधरा दिवस आधीपासून गावात घालून फिरा. कान झाकणारी टोपी, हातमोजे, ओठांना व्हॅसलिन. पॉवर बँक आणि फोन रात्री पांघरुणात घ्या, थंडीत बॅटरी भराभर उतरते. स्लीपिंग बॅगची गरज नाही. रजईखाली स्वतःची चादर असली की झालं.

प्रश्न : मी शाकाहारी आहे. तिबेटी जेवण चालेल का? घरून काय न्यावं? – शिक्षिका, शहादा

चालेल, पण विचारून खा. थुक्पा म्हणजे नूडल्सचं गरम सूप. त्यात भाज्या दिसल्या तरी खालचं पाणी हाडांचं असू शकतं, तेव्हा ‘सूपही व्हेजच आहे ना?’ असा नेमका प्रश्न करा. मोमो शाकाहारी असले तरी पुष्कळ ठिकाणी मांसाचे आणि भाजीचे एकाच भांड्यात वाफवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पूर्ण शाकाहारी हॉटेल शोधावं, अशी हॉटेलं तिथे आहेत. मेनूवर ‘बफ’ लिहिलेलं म्हणजे म्हशी-रेड्याचं मांस. तिंगमो हा वाफवलेला साधा पाव भाजीबरोबर छान लागतो. लाफिंग नक्की खा : मुगाच्या सत्त्वाच्या गार, गुळगुळीत पट्ट्या, वर लसूण आणि लाल तिखट. खान्देशी जिभेला तिथलं हेच सगळ्यांत जवळचं. लोणी-मिठाचा चहा मात्र चहा समजून प्यायलात तर पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होईल. पातळ खारं सूप समजून प्या, थंडीत बरं वाटतं.

प्रवासासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. दशम्या पूर्ण गार झाल्यावरच बांधा आणि कापडात बांधा. गरम असताना प्लास्टिकमध्ये घातल्या तर घाम सुटून बुरशी धरते. वर पोचल्यावर डबा हातात मिरवू नका, माकडं धीट आहेत.

प्रश्न : दलाई लामांचं दर्शन होतं का? – वाचक, अमळनेर

खासगी भेट होईल असं धरून जाऊ नका. त्यांचं जाहीर प्रवचन मात्र कोणालाही विनामूल्य ऐकता येतं. तारखा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर असतात, त्या पाहून मगच रेल्वेचं तिकीट काढा. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा मुक्काम बऱ्याचदा लडाखला असतो. प्रवचनासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, त्यासाठी मूळ ओळखपत्र लागतं. सोबत बसायला छोटी गादी, भिक्षू चहा वाढतात त्यासाठी स्वतःचा कप, आणि इअरफोनसह छोटा एफएम रेडिओ घ्या. प्रवचन तिबेटीत होतं, भाषांतर एफएमवर ऐकू येतं. फोनवरच ऐकू असं म्हणाल तर फसाल. फोन आणि कॅमेरा आत नेऊ देत नाहीत.

प्रवचन नसलं तरी मुख्य मंदिर, म्हणजे त्सुगलाखांग, पाहता येतं. प्रार्थनाचक्रं आणि प्रदक्षिणा दोन्ही उजवीकडूनच, आपल्या देवळासारखी. लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्या दिवसांत कार्यालयं, ग्रंथालय आणि बरीच दुकानं बंद असतात.

प्रश्न : ट्रिउंडच्या ट्रेकसाठी उंचीवरची गोळी घ्यावी लागेल का? – वाचक, धुळे

मॅक्लोडगंजसाठी नाही. ट्रिउंड म्हणजे मॅक्लोडगंजच्या वरचा डोंगरमाथा, सुमारे २,८५० मीटरवर आहे. एखाद्याचं डोकं दुखू शकतं, पण गावात एक रात्र काढून गेलात आणि पाणी पीत राहिलात तर निभावतं. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मॅक्लोडगंजजवळच्या धरमकोट गावाहून वर जायला तीन-चार तास लागतात, शेवटची वळणावळणाची चढण सगळ्यांत दमवणारी. सकाळी आठच्या आत निघा. दुपारनंतर ढग येतात, एप्रिल ते जूनमध्ये गाराही पडतात. माथ्यावर पाण्याची खात्री नाही, माणशी दोन लिटर न्या. वाटेवरच्या चौकीत नाव नोंदवा. हिमवृष्टीनंतर प्रशासन वाट बंद करतं. तेव्हा ‘मागच्या वाटेने नेतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : पावसाळ्यात गर्दी कमी असते म्हणे. जावं का? – वाचक, पाचोरा

नाही. धरमशाळेचा पाऊस आपल्या पाचोऱ्याच्या पावसासारखा नाही. तो तीन-चार पट पडतो, दरडी कोसळतात. जुलै २०२१ मध्ये मॅक्लोडगंजजवळच्या भागसूच्या नाल्याला आलेल्या लोंढ्याने गाड्या वाहून नेल्या. दिवाळीनंतरचे तीन आठवडे सगळ्यांत चांगले : आकाश स्वच्छ, धौलाधारच्या रांगा समोर उभ्या, आणि भाडं घासाघीस करण्याजोगं. मे महिन्यात धरमशाळेच्या स्टेडियमवर आयपीएलचे सामने असतील तर त्या तारखा टाळा, खोल्यांचे दर वाटेल तसे चढतात.

प्रश्न : थंडीत आपल्याकडे स्वेटर विकायला तिबेटी येतात. तिकडे तेच स्वेटर स्वस्त मिळतील का? आणि त्यांच्याशी त्यांच्या देशाविषयी बोललेलं चालतं का? – वाचक, जळगाव

स्वेटरसाठी तिकडे जाऊ नका. आपल्याकडच्या त्यांच्या बाजारातला बराच माल लुधियानाचा असतो. मॅक्लोडगंजच्या पर्यटकी दुकानात तसलाच स्वेटर महागही मिळेल. घ्यायचंच असेल तर सिद्धपूरजवळच्या नोर्बुलिंगका संस्थेत हाताने केलेलं काम पाहा. किंमत जास्त आहे, पण ते काम तिथल्याच कारागिरांचं आहे.

बोललेलं चालतं. फक्त ओळख होण्याआधीच ‘परत कधी जाणार?’ असं विचारू नका. दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले. दुकानात बसलेली तरुण मुलं पुष्कळदा इथेच जन्मलेली असतात आणि तिबेट त्यांनी पाहिलेलंही नसतं. ‘ताशी देलेक’ म्हणून सुरुवात करा, दुकान कधीपासून आहे, थंडीत कुठे जाता, असं विचारा. जळगावचं नाव काढलंत तर एखादा तिथल्या बाजारात बसून गेलेला निघेलही. हिमाचल जमत नसेल तर विदर्भात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. भुसावळहून नागपूरमार्गे तिकडे जाता येतं, आणि थर्मलही लागत नाही.